आमदार नेमका कशासाठी? हिशेब विचारण्यासाठी आणि माणूस पारखण्यासाठी

आमदारांचा दौरा लागला की आपल्या वस्तीत एक निवेदन तयार होते. समाजमंदिरावर पत्रे, विहाराला संरक्षक भिंत, गल्लीत पेव्हर ब्लॉक, जयंतीला वर्गणी. निवेदनावर पन्नास सह्या होतात, हार घातला जातो, फोटो निघतो. काम झाले तर आमदार चांगला, नाही झाले तर वाईट. आपली परीक्षा इथेच संपते.

यातली एकही मागणी चुकीची नाही. पण ही सगळी कामे ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेचीही आहेत. आमदाराला आपण मुंबईला आणि हिवाळ्यात नागपूरला पाठवतो ते वेगळ्या कामासाठी. ते काम दोन वाक्यांत सांगता येते. सरकारने जनतेचा पैसा कुठे घातला याचा हिशेब विचारणे आणि जनतेच्या वतीने अधिकारपदावर बसणारा माणूस त्या पदाच्या लायकीचा आहे का, हे पारखणे.

भ्रष्टाचाराचा सर्वात मोठा फटका कोणाला बसतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. शिष्यवृत्ती अडकली की शिक्षण आपल्या पोराचे सुटते. वसतिगृहाच्या जेवणात पैसे खाल्ले की उपाशी आपलीच मुलगी राहते. रमाई आवासचा हप्ता टक्केवारीत गेला की घर आपलेच अर्धवट राहते. म्हणून आमदाराचे हे खरे काम काय आहे, त्याच्या हातात कोणती साधने आहेत, त्या साधनांची मर्यादा कुठे आहे आणि आपण त्यात काय करू शकतो, हे या लेखात समजून घेऊ.

संघाने घालून दिलेला धडा

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी एक गोष्ट ठणकावून सांगितली होती. संसदीय कामकाजाची पद्धत भारताला परकी नाही. बौद्ध भिक्षुसंघात बसण्याची व्यवस्था, ठराव मांडण्याचे नियम, गणसंख्या, मतमोजणी हे सारे होते. हा संदर्भ आपण जयंतीच्या भाषणात अनेकदा ऐकतो. पण विनयपिटकात त्याच्याही पुढची एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

संघाला दान मिळालेली चीवरे ठेवण्यासाठी भांडारावर एक भिक्खू नेमायचा असे. तो कसा असावा, याच्या पाच अटी आहेत. तो आपल्या आवडीच्या माणसाकडे झुकणारा नसावा. द्वेषाने वागणारा नसावा. अज्ञानाने भरकटणारा नसावा. भयाने वाकणारा नसावा. आणि पाचवी अट अगदी व्यवहारी आहे: काय जपून ठेवले आहे आणि काय नाही, हे त्याला माहीत असावे. म्हणजे चारित्र्यही हवे आणि कामाची जाणही हवी. अशा भिक्खूचे नाव संघापुढे ठेवले जाई. ज्यांना मान्य आहे त्यांनी मौन राहावे, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावे, असे जाहीर केले जाई. त्यानंतरच नेमणूक पक्की होई.

नेमणुकीपूर्वी उघड पारख आणि हरकत घेण्याचा हक्क, ही दोन तत्त्वे अडीच हजार वर्षांपूर्वी एका साध्या भांडारपालासाठी पाळली जात होती. आज कोट्यवधींच्या तिजोरीवर माणूस बसवताना ती किती पाळली जातात, हा आपला प्रश्न आहे.

आमदाराच्या हातातील साधने

एक उदाहरण घेऊ. समजा तालुक्याच्या ठिकाणी सामाजिक न्याय विभागाचे मुलींचे वसतिगृह आहे. भोजनाचा ठेका दिलेला आहे. ठरलेल्या यादीप्रमाणे जेवण मिळत नाही, निर्वाह भत्ता चार-चार महिने जमा होत नाही. मुलींनी गृहपालांना सांगितले, समाज कल्याण सहायक आयुक्तांना अर्ज दिला, काही झाले नाही. आता आमदार काय करू शकतो?

तो अधिकाऱ्याला निलंबित करू शकत नाही. ठेका रद्द करू शकत नाही. फोनवरून दम देऊ शकतो, पण त्या दमाला कायद्याचा आधार नाही, आणि फोन ठेवला की त्याचा असरही संपतो. त्याची खरी ताकद सभागृहात आहे.

तो तारांकित प्रश्न विचारू शकतो. त्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. विषय तातडीचा आणि सार्वजनिक महत्त्वाचा असेल तर लक्षवेधी सूचना देता येते. उत्तर अपुरे वाटले तर अर्धा तास चर्चा मागता येते. अर्थसंकल्पात त्या खात्याच्या मागण्या चर्चेला आल्या की कपात सूचना मांडून त्या खात्याच्या कारभारावर बोट ठेवता येते.

यात महत्त्वाचे काय, तर मंत्र्याचे उत्तर नोंदवले जाते. मंत्र्याने ‘चौकशी करून कारवाई केली जाईल’ असे सभागृहात म्हटले की ते नुसते बोलणे उरत नाही, ते आश्वासन होते. अशी आश्वासने पाळली गेली का, हे तपासण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती असते. चुकीची माहिती दिली गेली तर हक्कभंगाचा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून मंत्रालयातील कोणताही अधिकारी आमदाराच्या फोनपेक्षा आमदाराच्या प्रश्नाला जास्त वचकून असतो. प्रश्न आला की खालपासून वरपर्यंत फाईल हलते, कारण कोणाला तरी सही करून उत्तर द्यावे लागते.

अनुसूचित जाती कल्याण समिती हेही एक मोठे साधन आहे. ही समिती जिल्ह्यांना भेटी देते, भरतीतला अनुशेष, बिंदुनामावली आणि योजनांवरचा खर्च तपासते, अधिकाऱ्यांना समोर बसवून साक्ष घेते. ती आपल्या जिल्ह्यात येते तेव्हा किती कार्यकर्ते कागद घेऊन तिच्यापुढे जातात? बहुतेकांना ती येऊन गेल्याचे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळते.

पैसा खर्च झाल्यावर

30 मे 1949 रोजी संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे आज आपण ज्याला कॅग म्हणतो, त्या पदाची चर्चा झाली. तेव्हा बाबासाहेबांनी हा अधिकारी बहुधा संविधानातील सर्वात महत्त्वाचा अधिकारी आहे, त्याचे काम न्यायव्यवस्थेपेक्षाही महत्त्वाचे आहे, असे मत मांडले. कारण सभागृहाने ज्या कामासाठी पैसा मंजूर केला, तो त्याच कामावर गेला का, हे पाहणारा तोच.

संविधानाच्या कलम 151 प्रमाणे राज्याबाबतचे कॅगचे अहवाल राज्यपालांकडे जातात आणि विधिमंडळापुढे ठेवले जातात. पुढे लोकलेखा समिती त्यातील मुद्दे घेऊन खात्याच्या सचिवांना बोलावते. महामंडळांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती असते. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे, कारण आपल्याच सरकारचा हिशेब कडकपणे तपासणे सत्ताधाऱ्यांना अवघड जाते.

हे सारे चांगले आहे, पण त्याची एक मर्यादा आहे. ही तपासणी पैसा खर्च झाल्यावर होते. अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या अगदी शेवटी मांडले जातात, त्यावर चर्चेला वेळ उरत नाही. तोवर ज्या मुलाची शिष्यवृत्ती थकली होती त्याने कॉलेज सोडून कुठेतरी सुरक्षारक्षकाची नोकरी धरलेली असते.

म्हणून पैसा खर्च होण्याआधीची राखणही हवी. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात विकासनिधी बाजूला ठेवायचा, ही अनुसूचित जाती उपयोजनेची कल्पना. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 11.8 टक्के आहे. पण ठेवलेला निधी पूर्ण खर्च न होणे किंवा दुसरीकडे वळवणे हा जुना रोग आहे. 2025 मध्ये तर सामाजिक न्याय मंत्र्यांनीच आपल्या खात्याचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळवल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी 2013 मध्ये या निधीच्या संरक्षणासाठी कायदे केले. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा ही मागणी जुनी आहे. कायदा करणे हे तर आमदाराचे पहिले काम. खासगी विधेयक मांडण्याचा हक्क प्रत्येक आमदाराला आहे, तो सत्तेत असो वा नसो.

सत्तेत असूनही विचारलेला प्रश्न

‘आमचा आमदार सत्ताधारी पक्षाचा आहे, तो सरकारविरुद्ध कसा बोलणार?’ असे आपण ऐकतो. त्याला इतिहासानेच उत्तर दिलेले आहे.

1956 मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. दुसऱ्याच वर्षी या महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांच्या शेअर्समध्ये सव्वा कोटी रुपयांच्या आसपास रक्कम गुंतवली. त्या काळी ही प्रचंड रक्कम होती. हा पैसा विमाधारकांचा, म्हणजे साध्या पगारदार माणसांचा होता. लोकसभेत हा विषय लावून धरला फिरोज गांधी यांनी. ते काँग्रेसचेच खासदार, पंतप्रधान नेहरूंचे जावई. तरीही 16 डिसेंबर 1957 रोजी त्यांनी आपल्याच सरकारच्या अर्थखात्याला आकडेवारीनिशी जाब विचारला. सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि काही आठवड्यांतच काम उरकले. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

सभागृहातील एका सदस्याने नीट अभ्यास करून कागद समोर ठेवले की कोणतेही पद सुरक्षित राहत नाही. फिरोज गांधींनी टेबल आपटले नाही, राजदंड पळवला नाही. त्यांनी तारखा, रकमा आणि निर्णय कोणी घेतला हे विचारले. आपल्या आमदाराकडून आपण याचीच अपेक्षा ठेवायला हवी.

माणूस पारखणे: संविधान सभेत काय ठरले

आता दुसरे काम. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने न्यायाधीश किंवा मोठ्या अधिकाऱ्याचे नाव सुचवले की सिनेट त्याला समोर बसवून प्रश्न विचारते आणि मग संमती देते किंवा नाकारते. आपल्याकडे असे का नाही?

हा प्रश्न संविधान सभेत आला होता. 24 मे 1949 रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना बाबासाहेबांनी दोन्ही टोके नाकारली. नेमणूक केवळ सरकारच्या मर्जीवर सोडणे त्यांना धोक्याचे वाटले. पण प्रत्येक नेमणूक विधिमंडळाच्या संमतीला बांधणेही योग्य नाही, कारण पद्धत किचकट होते आणि राजकीय दबाव घुसतो, असे त्यांनी सांगितले. पुढे जून 1949 मध्ये निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीवर चर्चा झाली. शिब्बनलाल सक्सेना यांनी संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताची संमती असावी असे सुचवले. तेव्हा बाबासाहेबांनी कबूल केले की मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस या पदावर बसू नये यासाठी मसुद्यात पुरेशी तरतूद नाही.

म्हणजे ही उणीव घटनाकारांना दिसत होती. ती भरून काढण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर आले. त्यातून आपल्याकडे एक मधला मार्ग निघाला. काही महत्त्वाच्या पदांसाठी निवड समिती, आणि त्या समितीत विरोधी पक्षनेत्याला जागा. केंद्रीय दक्षता आयुक्त, लोकपाल, माहिती आयुक्त, मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष व सदस्य या पदांची निवड अशीच होते.

एका हरकतीची किंमत

ही पद्धत किती उपयोगी आहे आणि कुठे लंगडी पडते, हे 2010 च्या एका प्रकरणात स्पष्ट दिसते.

केंद्रीय दक्षता आयुक्त म्हणजे सरकारी भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणारे सर्वोच्च पद. 2003 च्या कायद्याप्रमाणे पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेता अशी तिघांची समिती नाव सुचवते. 3 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग, गृहमंत्री पी. चिदंबरम आणि विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांची बैठक झाली. पी. जे. थॉमस यांचे नाव पुढे आले. केरळच्या पामोलिन आयात प्रकरणातील आरोपींमध्ये थॉमस यांचे नाव होते. सुषमा स्वराज यांनी हरकत घेतली आणि कागदावर आपली असहमती नोंदवली. दोन विरुद्ध एक अशा मताने थॉमस यांची शिफारस झाली आणि काही दिवसांत त्यांनी शपथही घेतली.

सामान्यपणे गोष्ट इथेच संपली असती. पण काही नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांत माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह हेही होते. 3 मार्च 2011 रोजी न्यायालयाने ही शिफारस कायद्याच्या दृष्टीने टिकणारी नाही असे ठरवले. कारण नीट समजून घ्या. थॉमस दोषी आहेत असे न्यायालयाने म्हटले नाही. प्रश्न एका व्यक्तीच्या प्रामाणिकपणाचा नसून संस्थेच्या विश्वासार्हतेचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय कार्मिक खात्याच्या फाईलवर थॉमस यांच्याविरुद्ध कारवाई सुचवणाऱ्या जुन्या नोंदी होत्या, त्या समितीपुढे ठेवल्याच गेल्या नव्हत्या. म्हणजे पारख करणाऱ्यांच्या हातात पूर्ण कागदच नव्हते.

न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. विरोधी पक्षनेत्याला नकाराधिकार नाही. पण एखाद्या सदस्याने असहमती दाखवली तर त्याने कारणे लिहावीत, आणि बहुमताने ती असहमती डावलायची असेल तर त्याचीही कारणे लिहावीत. विनयातील ‘ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावे’ या तत्त्वाला इथे कायद्याचे बळ मिळाले.

दोन विरुद्ध एक

पण या पद्धतीत एक मोठा दोष आहे. समितीत सरकारचे बहुमत असेल तर विरोधी सदस्य फक्त नोंद करू शकतो, अडवू शकत नाही.

2 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयुक्तांच्या निवडीसाठी पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश अशी समिती ठरवली, संसद कायदा करेपर्यंत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. समिती पुन्हा दोन विरुद्ध एक झाली. ज्या प्रश्नाने 1949 मध्ये बाबासाहेबांना अस्वस्थ केले होते, तो आजही जिवंत आहे.

आपल्या राज्यातही तेच आहे. राज्य माहिती आयुक्तांची शिफारस मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेता आणि मुख्यमंत्र्यांनी नेमलेला एक मंत्री यांची समिती करते. 2024 च्या विधानसभा निवडणुकीनंतर 288 पैकी एकदशांश, म्हणजे 29 जागा कोणत्याही एका विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत, आणि विरोधी पक्षनेतेपदाचा प्रश्न लोंबकळत राहिला. माहिती अधिकार कायद्याने याची सोय आधीच केलेली आहे: मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर सर्वात मोठ्या विरोधी गटाचा नेता समितीत बसतो. म्हणून विरोधी पक्षनेता नाही, हे कारण कोणी पुढे केले तर ते ऐकून घेऊ नका.

15 फेब्रुवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माहिती आयुक्तांच्या निवडीत निकष, अर्जदारांची नावे जाहीर व्हावीत आणि केवळ निवृत्त सनदी अधिकाऱ्यांपुरती निवड मर्यादित राहू नये, असे सांगितले आहे. आपल्यासाठी ही गोष्ट जवळची आहे. वसतिगृहाच्या ठेक्याची माहिती नाकारली गेली तर आपले दुसरे अपील याच आयुक्तांपुढे जाते. तिथे बसलेला माणूस खात्याच्या बाजूने झुकणारा असेल तर आपला कागद तिथेच अडतो.

जिथे पारखच होत नाही

आता ज्या पदांचा आपल्या समाजाशी थेट संबंध आहे त्यांच्याकडे पाहू. मागासवर्गीयांसाठीच्या विकास महामंडळांचे अध्यक्ष सरकार नेमते. तिथे ना निवड समिती, ना विरोधकांची हरकत, ना निकष जाहीर. निवडणुकीनंतर नाराज कार्यकर्त्यांची सोय लावण्याची ती जागा झाली आहे.

त्याचे परिणाम काय होतात? मातंग आणि तत्सम जातींच्या विकासासाठी अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ 1985 मध्ये स्थापन झाले. या महामंडळात शेकडो कोटींच्या अपहाराचा आरोप झाला आणि 2015 मध्ये महामंडळाच्या माजी अध्यक्षांना अटक झाली. ते त्या वेळी मोहोळ या राखीव मतदारसंघाचे आमदार होते. आरोप सिद्ध होणे न होणे हा न्यायालयाचा विषय. पण ज्या तरुणांना व्यवसायासाठी कर्ज मिळायचे होते, त्यांच्यासाठीची दारे या गोंधळात बंद झाली, हे वास्तव आहे.

यातून एक कटू गोष्ट शिकायची. आपल्या माणसाला पद मिळाले म्हणजे आपल्याला न्याय मिळाला, असे नाही. आवडीच्या माणसाकडे झुकू नये ही विनयाची पहिलीच अट आहे. जातीचा, पक्षाचा, गटाचा म्हणून डोळे मिटणे हेही त्या झुकण्यातच येते.

लोकायुक्तांबाबतही हाच विचार लागू होतो. महाराष्ट्रात लोकायुक्तांचा कायदा 1971 चा आहे. पण तो मुख्यतः शिफारशी करणारा होता, म्हणून टीकेचा विषय झाला. नवे विधेयक विधानसभेत डिसेंबर 2022 मध्ये आणि विधान परिषदेत डिसेंबर 2023 मध्ये संमत झाले. त्यात मुख्यमंत्र्यांविरुद्ध चौकशीसाठी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता लागते. ज्या सभागृहात मुख्यमंत्र्यांचेच बहुमत असते, तिथे ही मान्यता कशी मिळणार, हे आपल्या आमदाराला विचारण्यासारखे आहे.

प्रश्नच विकला गेला तर?

हिशेब विचारणाराच विकला गेला तर सगळी व्यवस्था कोसळते. हे काल्पनिक नाही. 1951 मध्ये मुंबईच्या सराफ बाजाराच्या संघटनेचे काम संसदेत करण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल एच. जी. मुदगल यांना सदस्यत्व सोडावे लागले. डिसेंबर 2005 मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल संसदेच्या 11 सदस्यांची हकालपट्टी झाली. मे 2025 मध्ये राजस्थानात विधानसभेतील प्रश्न मागे घेण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून एका आमदाराला अटक झाली. प्रश्नाची ताकद किती, हे पैसे देणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगले कळते.

पूर्वी अशा सदस्यांना एक आडोसा होता. सभागृहात मत देण्यासाठी किंवा बोलण्यासाठी लाच घेतली तरी विशेषाधिकाराखाली खटल्यापासून संरक्षण मिळते, असा 1998 चा निकाल होता. 4 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द केला. आता लाचखोर आमदाराला सभागृहाच्या भिंतीआड लपता येणार नाही.

आपण काय करायचे?

तरुण मित्रमैत्रिणींनो, आमदार जागा राहील तो आपण जागे राहिलो तर. त्यासाठी काही साधी कामे आहेत.

पहिले, आधी आपण पारखा. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात त्याच्यावरील गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळे असते. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. प्रचाराला आलेल्या उमेदवाराला त्यातले दोन प्रश्न तरी विचारा.

दुसरे, कागद तयार ठेवा. ‘साहेब, लई भ्रष्टाचार चाललाय’ असे सांगून आमदार प्रश्न मांडू शकत नाही. माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचे शुल्क, एका अर्जात एकच विषय, शक्यतो दीडशे शब्दांत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग माहिती आयोग. ठेक्याची प्रत, देयके, हजेरीपट, भत्ता जमा झाल्याच्या तारखा, एवढे हातात आले की अर्धी लढाई झाली.

तिसरे, अधिवेशनाच्या बरेच आधी आमदारांकडे जा. प्रश्नाची सूचना आधी द्यावी लागते, अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. निवेदनाऐवजी तयार प्रश्न घेऊन जा: अमुक वसतिगृहात अमुक महिन्यांचा भत्ता जमा झालेला नाही हे खरे आहे काय, असल्यास त्याची कारणे काय, जबाबदार कोण, आणि काय कारवाई केली. आपल्या मतदारसंघाचा आमदार तयार नसेल तर दुसऱ्या आमदाराकडे किंवा विधान परिषदेच्या सदस्याकडे जा. सभागृहात प्रश्न विचारायला मतदारसंघाची हद्द आड येत नाही.

चौथे, उत्तराचा पाठपुरावा करा. मंत्र्याने काय सांगितले ते विधिमंडळाच्या कामकाजात छापलेले असते. ते वस्तीत वाचून दाखवा. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

पाचवे, थेट लाच मागितली जात असेल तर आमदाराची वाट पाहू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. पैसे द्यावेच लागले असतील तर सात दिवसांच्या आत तक्रार करा. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण नाइलाजाने देऊन मुदतीत कळवणाऱ्याला संरक्षण आहे.

आणि शेवटचे, आपल्या घरापासून सुरुवात करा. विहाराच्या समितीचा, जयंती मंडळाचा, पतसंस्थेचा जमाखर्च दरवर्षी फळ्यावर लागतो का? खजिनदार निवडताना आपण त्या पाच अटी लावतो का, की ‘आपला माणूस’ म्हणून हात वर करतो? जो समाज आपल्या वर्गणीचा हिशेब विचारायला संकोचतो, तो सरकारच्या तिजोरीचा हिशेब कसा विचारणार?

महाराष्ट्र विधानसभेत 29 जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. या 29 जणांनी आणि आपल्या मतांवर निवडून आलेल्या इतर आमदारांनी मागच्या अधिवेशनात शिष्यवृत्ती, वसतिगृहे, उपयोजनेचा निधी आणि अत्याचाराच्या खटल्यांवर किती प्रश्न विचारले, याची यादी आपल्या तालुक्यातील चार मुलांनी बसून केली, तरी पुढच्या दौऱ्यात चित्र वेगळे दिसेल. हार, फोटो चालूच राहतील. पण हार घालणाऱ्याच्या दुसऱ्या हातात एक प्रश्न लिहिलेला कागद असेल.

जय भीम. नमो बुद्धाय.